पॅच वाचणारा माणूस

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरवर, काम सुरू करायचंय असं म्हणणारी मुलं भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. ताई, आधी काय शिकू? गिट शिकू, पायथन शिकू, की सी? प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर देणंही सोपं आहे. पण गेली काही वर्षं मी आधी त्यांनाच एक प्रश्न विचारते. तू जे पाठवणार आहेस, ते वाचणार कोण?

यावर पुष्कळजण गोंधळतात. ‘गिटहब’, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवतात ते संकेतस्थळ, असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. कोणी ‘कम्युनिटी’ म्हणतं. एखाद्या माणसाचं नाव मात्र क्वचितच कोणी घेतं. नवख्याचं खरं शिकणं इथूनच सुरू होतं असं माझं ठाम मत झालंय. पलीकडे एक माणूस आहे, दिवसभराची नोकरी उरकून तो तासभर बसला आहे, आणि त्या तासातली काही मिनिटं आपण मागतो आहोत. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या आज्ञा आठवडाभरात हाताला वळण लावतात. ही गोष्ट अंगवळणी पडायला जास्त वेळ लागतो, आणि ती शिकवणारे वर्ग कुठे भरत नाहीत.

२०१४ साली डिजिटलओशन या कंपनीने ‘हॅक्टोबरफेस्ट’ सुरू केला. हेतू चांगला होता. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘कोडमधला माझा हा बदल घ्या’ अशा विनंत्या, पाठवायच्या आणि टी-शर्ट मिळवायचा. २०२० साली चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट होता. त्या वर्षी ऑक्टोबर उजाडताच जगभरच्या प्रकल्पांकडे निरर्थक बदलांचा लोंढा आला. प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलच्या शीर्षकात उगाच एक विशेषण घातलेलं, कुठे एक रिकामी ओळ, कुठे नुसतं स्वतःचं नाव. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग कळवला असेल त्यांच्याच पुल रिक्वेस्ट मोजल्या जाऊ लागल्या. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस या वेबसाइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाच्या वाट्याला असंच आलं. एका भारतीय ट्युटोरियलमध्ये पुल रिक्वेस्ट कशी करतात हे दाखवण्यासाठी त्या प्रकल्पाचं उदाहरण घेतलं होतं, आणि ते पाहून असंख्य विद्यार्थ्यांनी त्याच्या रीडमीत आपापली नावं घालून पाठवली.

त्या मुलांची टिंगल करणारे तेव्हाही खूप होते, आजही आहेत. मला ती टिंगल सहन होत नाही. तालुक्याच्या गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला प्लेसमेंटच्या फॉर्मवर ‘ओपन सोर्स योगदान’ असा रकाना दिसतो. त्याच्या वर्गात, घरात, गावात असं काम केलेलं कोणी नसतं. त्याला जे दाखवलं ते त्याने केलं. त्याला बटण कुठे आहे ते दाखवलं गेलं. ते दाबल्यावर कोणाच्या फोनवर काय वाजतं, हे कोणी सांगितलं नाही. आणि पलीकडे ज्याचा फोन वाजला, त्याने एकेक पुल रिक्वेस्ट उघडून वाचली, बंद केली, तिच्यावर ‘स्पॅम’ असं लेबल लावलं. ज्या संध्याकाळी त्याला खरा बग सोडवायचा होता, ती अशी गेली. दोन्ही बाजूंचं नुकसान झालं, आणि त्याला जबाबदार म्हणून त्या मुलांकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं.

पलीकडचा माणूस दिसायला लागावा म्हणून मी मुलांना लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नियमांपाशी नेऊन बसवते. सगळ्यांनी कर्नलवरच काम करावं असं नाही. पण पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, कसा पाठवावा याचे नियम इतक्या बारकाईने आणि इतक्या वर्षांच्या अनुभवातून लिहिलेले दुसरीकडे फारसे सापडत नाहीत. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी, हेलसिंकीत विद्यार्थी असताना, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत असं जाहीर केलं. आज कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, तिच्यात १० हजारांहून अधिक बदल असतात, ते करणारे लोक २ हजारांच्या आसपास असतात आणि त्यातले २०० हून जास्त लोक आयुष्यातला पहिला कर्नल पॅच देणारे असतात. मी हा शेवटचा आकडा मुद्दाम सांगते. दर दोन-अडीच महिन्यांनी इतकी नवी माणसं आत येतात. दार बंद नाही.

हे काम आजही इमेलवर चालतं. मेल साध्या मजकुराचा हवा. पॅच वेगळी फाइल म्हणून जोडायचा नाही, मेलच्या पोटातच द्यायचा. उत्तर देताना मेलच्या अगदी वर लिहून मोकळं व्हायचं नाही, समोरच्याची ओळ उद्धृत करून तिच्याखाली लिहायचं. विषयाची ओळ पंचाहत्तर अक्षरांच्या आत. एका पॅचमध्ये एकच बदल. पाठवण्याआधी पॅचमधल्या लेखनाच्या चुका दाखवणारी ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट चालवायची, आणि कोणाला पाठवायचं ते ‘गेट-मेंटेनर’ नावाच्या दुसऱ्या स्क्रिप्टला विचारायचं. सुधारून पुन्हा पाठवताना विषयात ‘व्ही-२’ लिहायचं आणि तीन आडव्या रेघांच्या खाली, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते सांगायचं.

पहिल्यांदा वाचताना हा सगळा जाच वाटतो. आमच्याकडचा एक मुलगा म्हणाला, हे तर सरकारी कार्यालयासारखं झालं, फॉर्म चुकला की परत जा. मग आम्ही एकेक नियम घेऊन तो कोणासाठी आहे ते शोधायला बसलो. पॅच मेलच्या पोटात का? कारण वाचणाऱ्याला नेमक्या त्या ओळीखाली आपला प्रश्न लिहिता येतो. एका पॅचमध्ये एकच बदल का? कारण दोन वर्षांनी काही बिघडलं तर कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधणाऱ्याला तेवढाच बदल मागे घेता यावा. तीन रेघांखालचा इतिहास का? कारण गेल्या आठवड्यात वाचणाऱ्याने शंभर पॅच वाचले आहेत, तुझा कोणता होता ते त्याला आठवणार नाही. वर्णनाच्या शेवटी लिहायची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ तर थेट इतिहासातून आलेली आहे. २००३ साली एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला, आपला कोड लिनक्समध्ये घातला गेल्याचा तिचा दावा होता. त्यानंतर, २००४ साली, हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं प्रत्येकाने आपल्या नावानिशी लिहून देण्याची पद्धत सुरू झाली. नियम संपत आले तेव्हा तो मुलगा म्हणाला, म्हणजे यातला एकही नियम कॉम्प्युटरसाठी नाही. त्या दिवशी तो जे शिकला, ते मला कुठल्याही व्याख्यानात शिकवता आलं नसतं.

नियमांमध्ये मला सर्वांत आवडतो तो वर्णनाचा. पॅचच्या वर्णनात काय केलं यापेक्षा का केलं ते लिहा. काय केलं ते कोडमध्ये दिसतंच. पण त्या आधी काय बिघडलेलं होतं, कोणाला त्रास होत होता, हे कोडमध्ये कधीच दिसत नाही.

कर्नलमध्ये नवख्यांसाठी एक जागा आहे. ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरच्या आत ‘स्टेजिंग’ म्हणून एक विभाग आहे. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी तो २००८ साली उभा केला, अजून पुरेसे नीटनेटके नसलेले ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे कोड, ठेवण्यासाठी. तिथे काय काय करायचं बाकी आहे याच्या याद्या ड्रायव्हरच्या शेजारीच ठेवलेल्या असतात. साध्या साफसफाईचे पॅच तिथे चालतात; कर्नलच्या इतर भागांत नुसत्या साफसफाईचे पॅच पाठवले तर मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे, वैतागतात, आणि तेही रास्त आहे. भजनी मंडळात नवा माणूस आला की मागे बसून आधी टाळ धरतो, कोणीही त्याच्या हातात पहिल्या दिवशी पखवाज देत नाही. स्टेजिंगमध्ये तसं टाळ धरून ठेका ऐकता येतो. मेल कसा पाठवायचा, उत्तर कसं येतं, किती थांबायचं, हे सगळं कमी जोखमीच्या जागी समजतं.

थांबणं हा भाग फार अवघड आहे. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे नवे बदल आत घ्यायची मुदत असते, त्यानंतर सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या चालतात. तुमचा पॅच चुकीच्या आठवड्यात पोचला तर तो चांगला असूनही पडून राहतो. कर्नलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि किमान एक आठवडा गेल्याशिवाय आठवण करू नका. ज्या पिढीला व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांची सवय आहे तिला हे मौन नकारासारखं ऐकू येतं. मी सांगते, थांबायच्या काळात दुसऱ्यांचे पॅच वाच. कोणाला काय विचारलं गेलं, त्याने काय उत्तर दिलं, तिसऱ्या खेपेला काय बदललं. ही सगळी चर्चा उघडी आहे, वर्षानुवर्षांची साठलेली आहे, आणि तिच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक या विषयाला नाही.

परभणीकडून पुण्याला शिकायला आलेली एक मुलगी आमच्याकडे येते. तिने स्टेजिंगमधल्या एका ड्रायव्हरसाठी पॅच पाठवला. वर्णनात एवढंच लिहिलं होतं की चेकपॅचची तक्रार दूर केली. उत्तर आलं ते दोन ओळींचं. हा बदल का हवा आहे? आणि कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल असं बनवून, पाहिलं का?

ती माझ्याकडे आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. “ताई, त्यांना आवडलं नाही वाटतं. मी दुसरं काहीतरी शोधते.”

“कुठे लिहिलंय आवडलं नाही म्हणून?”

“लिहिलं नाही. पण सूर तसाच आहे ना.”

त्या दोन ओळी आम्ही पुन्हा वाचल्या. त्यात नकार नव्हता. शाबासकीही नव्हती, ‘धन्यवाद’ नव्हतं, ‘छान प्रयत्न’ नव्हता. दोन प्रश्न होते आणि दोन्हींची उत्तरं तिच्याकडे होती. तिने कंपाइल केलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. बदल का हवा हेही तिला माहीत होतं, कारण आदल्या रात्री ती त्याच फंक्शनवर अडली होती.

आपल्या शाळांमध्ये चूक दाखवणं आणि कमी लेखणं या दोन गोष्टी इतक्या एकत्र येतात की मोठेपणी त्या वेगळ्या करणं जमत नाही. वहीवर लाल शाई आली म्हणजे प्रकरण संपलं. तीच वही सुधारून पुन्हा दाखवायची सोय नसते. त्यातून ही दुरुस्ती चारचौघांत होते, हजारो लोक वाचू शकतील अशा ठिकाणी, कायमची. आणि परक्या इंग्रजीत. त्या मुलीच्या पहिल्या मेलची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी होती आणि उत्तर देणाऱ्याने तिला नुसती नावाने हाक मारली होती. तिला ते तुटक वाटलं. तिथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, तीस वर्षं काम करणाऱ्यालाही, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्याला तुझं काम फालतू वाटतं तो प्रश्न विचारत नाही, तो गप्प बसतो. प्रश्न विचारला म्हणजे त्याने वाचलं. हे मी तिला सांगितलं आणि ते खरं आहे म्हणून सांगितलं.

अर्थात सगळे सूर आपण कल्पलेलेच असतात असं नाही. कर्नलच्या चर्चांमध्ये माणसांचा अपमान होत असे आणि वर्षानुवर्षं ते खपवून घेतलं गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतः आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. उशीर झाला होता. त्या आधी किती माणसं एक उत्तर वाचून कायमची निघून गेली असतील याचा हिशेब कुठेच नाही.

दाराबाहेर कोण उभं आहे, हे आतल्यांना सहसा कळत नाही. २००६ साली नोम या लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाकडे गूगल समर ऑफ कोडसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना ओपन सोर्सवर काम करायला पैसे देणाऱ्या गूगलच्या उपक्रमासाठी, १८१ अर्ज आले आणि त्यात एकही बाईचा नव्हता. मग त्यांनी फक्त मुलींसाठी उन्हाळी उपक्रम जाहीर केला, तर शंभराच्या घरात अर्ज आले. त्या मुली काही एका महिन्यात जन्माला आल्या नव्हत्या. त्यांना कोणी ‘या’ म्हटलं नव्हतं, एवढंच. तोच उपक्रम २०१० पासून नियमित झाला, पुढे त्यात कर्नलही सामील झालं, आणि २०१५ पासून तो ‘आउटरीची’ या नावाने चालतो. त्याची निवडपद्धत मला फार आवडते. अर्जदाराने निवडीआधीच त्या प्रकल्पात काहीतरी खरं काम करून दाखवायचं, आणि ते करताना मेंटॉर प्रश्नांना उत्तरं देतो. दोघांनाही एकमेकांबरोबर काम जमतं का ते कळतं.

वाचणारा माणूस थकला की काय होतं हे २०२४ साली सगळ्या जगाने पाहिलं. एक्सझेड नावाची, फाइल दाबून लहान करणारी एक छोटी प्रणाली आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती अनेक वर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस, मोकळ्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने एक नवखा आला. चांगले, छोटे पॅच पाठवू लागला. त्याच काळात काही अनोळखी नावं कॉलिन यांच्यावर दबाव आणू लागली, काम हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला तरी सोपवा. कॉलिन यांनी आपल्या मानसिक आरोग्याच्या तक्रारी उघडपणे सांगितल्या होत्या. हळूहळू त्या नवख्याला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा लपवला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला, म्हणून तो सापडला. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं.

या घटनेनंतर ‘नवख्यांवर विश्वास ठेवू नका’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. मला यातून अगदी दुसरं दिसतं. कॉलिन यांच्या शेजारी चार खरी माणसं बसलेली असती, पॅच वाचणारी, चाचण्या चालवणारी, त्रास देणाऱ्यांना ‘जरा दमानं घ्या’ म्हणणारी, तर त्या एका माणसाला एकाच मदतनिसावर टेकावं लागलं नसतं. जगातल्या कित्येक कंपन्यांचे सर्व्हर ज्या कोडवर चालत होते, तो वाचायला दुसरं कोणी बसलेलं नव्हतं.

आता तर लिहिणं फारच स्वस्त झालंय. एआयला सांगितलं की पॅच तयार, अहवाल तयार, नम्र इंग्रजीसुद्धा तयार. वाचायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. इंटरनेटवरून माहिती आणण्या-नेण्यासाठी वापरला जाणारा कर्ल हा प्रकल्प चालवणारे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून या विषयावर तळमळीने लिहीत आहेत: सुरक्षेच्या त्रुटी सापडल्याचे मोठाले अहवाल येतात, दिसायला पक्के असतात, तपासायला तास जातात आणि शेवटी त्यात काही नसतं. एआय वापरू नका असं मी मुलांना सांगत नाही. समोरच्याने प्रश्न विचारला तर स्वतःच्या डोक्याने उत्तर देता येईल एवढंच पाठवा, असं सांगते.

आणि काय पाठवावं? इथे मला मराठी मुलांना फार काही सांगावंसं वाटतं, कारण काही बग असे आहेत जे त्यांच्याशिवाय कोणाला दिसणारच नाहीत. त्या परभणीच्या मुलीचंच पुढचं काम घ्या. ती टिपणं ठेवायला एक ओपन सोर्स ॲप वापरते. एकदा तिच्या लक्षात आलं की ‘दऱ्या’ शोधलं की काही टिपणं सापडतात, काही सापडत नाहीत. अक्षरं डोळ्यांना तंतोतंत सारखी. तिने आतले युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो ते, काढून पाहिले. काही ठिकाणी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग ‘य’ असा क्रम होता. काही ठिकाणी साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘य’. वेगवेगळ्या कीबोर्डांनी वेगवेगळं टंकलं होतं. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे शोध घेणाऱ्या कोडच्या लेखी ते दोन निराळे शब्द होते. ते ॲप लिहिणाऱ्यांपैकी कोणाला देवनागरी वाचता येत नाही. त्यांनी जन्मभर डोळे फोडले असते तरी त्यांना हे दिसलं नसतं.

या वेळी तिने आधी इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, लिहिला. टिपण कसं तयार करायचं, कोणत्या क्रमाने अक्षरं टाकायची, काय सापडायला हवं होतं, काय सापडलं, दोन्ही रूपांचे क्रमांक, आणि ‘यामुळे मराठी लिहिणाऱ्याला स्वतःचंच लिखाण सापडत नाही’ असं एक वाक्य. मेंटेनरचं उत्तर आलं ते पुन्हा प्रश्नाच्या रूपात. ही दोन रूपं सरसकट एक धरायची की फक्त मराठीपुरती? देवनागरी वापरणाऱ्या दुसऱ्या कोणत्या भाषेचं यात नुकसान होईल का?

तिचा चेहरा या वेळी उतरला नाही. ती कामाला लागली. नेपाळीत हेच रूप क्रियापदांमध्ये सतत येतं आणि तिथे जोडचिन्हाची पद्धत रूढ आहे, एवढं तिला वाचून कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि खात्री वेगळी, म्हणून तिने नेपाळी भाषांतर करणाऱ्या एका स्वयंसेवकाला गाठलं आणि त्याच्याकडून शब्दांची यादी मागवली. कोकणीसाठी गोव्यातल्या एका मैत्रिणीला विचारलंय. परवा तिने मला चाचणीचा मसुदा दाखवला. त्यात मराठी आणि नेपाळी शब्द दोन्ही रूपांत लिहिलेले आहेत, आणि वर एका टिप्पणीत, देवनागरी न वाचणाऱ्याला समजावं म्हणून, प्रत्येक शब्दाशेजारी त्याचे क्रमांक ओळीने मांडले आहेत. कोकणीची जागा अजून मोकळी आहे. मैत्रिणीचं उत्तर आलं की ती पॅच पाठवणार आहे.